रीपरचे बोन्स मॉन्स्टर आणि स्पीडपेंट २.० : नव्याने रंगवायला घेताय तर आधी राक्षसच घ्या

बरेच जण मिनिएचर, म्हणजे खेळात मांडायच्या छोट्या बाहुल्या, रंगवायला घेतात तेव्हा पहिलं उचलतात ते आपलं स्वतःचं कॅरेक्टर, म्हणजे कुणीतरी नाइट नाहीतर जादूगार, आणि तिथेच वैतागून सोडून देतात. २८ मिलिमीटरच्या स्केलला माणसाचा चेहरा असतो जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा, त्यात डोळे, त्यात भुवया, आणि जरा इकडचं तिकडे झालं की लगेच डोळ्यात खुपतं कारण माणसाचा चेहरा आपण सगळे रोज बघतो. अर्धा घुबड अर्धा अस्वल असा आउलबेअर कुणीच बघितलेला नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात मॉन्स्टरपासून करा, आणि त्यासाठी रीपर कंपनीचे बोन्स नावाचे प्लास्टिकचे मॉन्स्टर आणि आर्मी पेंटर कंपनीचे स्पीडपेंट २.० हे रंग ही जोडी मला आत्तापर्यंत सगळ्यात बेस्ट वाटलीय. सगळं स्वतःच्या पैशाने घेतलंय, भरपूर वापरलंय, त्यावरूनच लिहितेय.

मी राहते टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला. मुलगा आणि त्याचे मित्र आमच्या डायनिंग टेबलवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात, आणि मॉन्स्टर रंगवायचं खातं माझ्याकडे. ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा गेम आणला, एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं कॅरेक्टर चालवतात, आणि मारामारी आली की चौकटींच्या मॅटवर बाहुल्या मांडतात. एक इंचाची चौकट म्हणजे पाच फूट. माणसाएवढा प्राणी एका चौकटीत, ट्रोल किंवा आउलबेअर दोन बाय दोनमध्ये, आणि मोठा ड्रॅगन चार बाय चारमध्ये बसतो. नुसत्या शब्दांत 'समोर ट्रोल आहे' सांगणं वेगळं आणि तो हिरवा, लांब नाकाचा प्राणी आपल्या छोट्याशा कॅरेक्टरच्या अंगावर सावली पाडून उभा दिसणं वेगळं, मुलांचा आवाजच बदलतो.

रीपर ही कंपनी डेंटनची, म्हणजे आमच्याकडून गाडीने पाऊण तासावर. आधी ते मुख्यतः धातूचे मिनिएचर करायचे, जड आणि महाग. मग त्यातलीच बरीचशी शिल्पं त्यांनी मऊ प्लास्टिकमध्ये काढली आणि तेच हे बोन्स. २०१२ मध्ये किकस्टार्टर या वेबसाइटवर त्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे उभे केले, त्याला १७ हजारांवर लोकांनी मिळून ३४ लाख डॉलरच्या वर पैसे दिले होते, तेव्हा या क्षेत्रात तो आकडा म्हणजे भूकंपच होता. त्याचा फायदा आपल्यासारख्यांना असा झाला की मोठमोठे राक्षस परवडायला लागले. धातूचा ड्रॅगन घ्यायचा म्हणजे आधी खिसा बघायचा, नंतर तो जोडायचा, जड पंख गळून पडू नयेत म्हणून आत ड्रिलने पिन घालायच्या. बोन्सचे छोटे आणि मध्यम मॉन्स्टर बहुतेक एकसंध येतात, पाकिटातून काढा, धुवा, रंगवा. हातातून पडला तरी काही होत नाही, धाकट्या भावंडांच्या घरात हा गुण फार मोठा आहे.

धुवा म्हणाले ते खरंच धुवा हं. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं काहीबाही अंगावर राहिलेलं असतं, भांडी घासायचा लिक्विड सोप आणि जुना टूथब्रश घेऊन दोन मिनिटं घासायचं, वाळू द्यायचं. पांढरे बोन्स मऊ असल्यामुळे तलवारी, भाले, शेपट्या पाकिटात वाकलेल्या असतात, हा या मटेरियलचा स्वभाव आहे, त्याला उपाय पण सोपा आहे. उकळतं पाणी भांड्यात घ्या, वाकलेला भाग मिनिटभर बुडवा, चिमट्याने काढून सरळ करा आणि तसाच धरून बर्फाच्या पाण्यात घाला, तिथेच बसतो. मुलांना हे करायला फार आवडतं पण उकळतं पाणी असतं तेव्हा मोठ्या माणसाने जवळ राहायचं. नंतर आलेलं बोन्स ब्लॅक नावाचं करडं मटेरियल जरा कडक आहे, त्यात बारीक काम जास्त स्वच्छ उठतं, दोन्ही मिळत असतील तर तेच घ्या.

आता प्राइमर, म्हणजे रंगाच्या आधी द्यायचा थर. रीपर म्हणतं बोन्सला प्राइमर लागत नाही, सरळ रंग लावा, आणि साध्या अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत ते बरोबर आहे, फक्त पहिला हात पाणी न घालता द्यायचा, नाहीतर रंगाचे थेंब थेंब होऊन घरंगळतात. पण स्पीडपेंट लावायचे असतील तर प्राइमर हवाच हवा, कारण हा रंग पातळ असतो आणि उघड्या प्लास्टिकवर धरत नाही. त्यातही स्प्रेचा डबा उचलण्याआधी थांबा, काही स्प्रे प्राइमर या मऊ प्लास्टिकवर कधी वाळतच नाहीत, महिन्याने हात लावला तरी चिकट. ब्रशने लावायचा प्राइमर घ्या, रीपरचा स्वतःचा आहे, वायेहो या रंगकंपनीचा आहे, दोन पातळ हात आणि मधे नीट वाळू देणं, झालं.

स्पीडपेंटबद्दल जरा मागे जाऊन सांगते. २०१९ मध्ये नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने सिटाडेल कॉन्ट्रास्ट नावाचे रंग काढले. कल्पना अशी की रंग इतका वाहता करायचा की तो उंचवट्यांवरून उतरून खळग्यांत जाऊन बसेल, म्हणजे एकाच हातात मूळ रंग, सावली आणि हायलाइट म्हणजे उजळ कडा, तिन्ही दिसेल. डेन्मार्कच्या आर्मी पेंटरने २०२२ मध्ये त्याच वाटेवर स्पीडपेंट आणले. पहिल्या आवृत्तीची एक अडचण सगळ्यांनाच माहीत आहे, वाळलेल्या रंगावर दुसरा ओला रंग लावला की खालचा जागा व्हायचा आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचे. २०२३ च्या २.० मध्ये त्यांनी तो फॉर्म्युला बदलला आणि आता वर हायलाइट, वॉश (सावलीसाठीचा पातळ रंग) काहीही करता येतं. त्यामुळे सेकंडहँड किंवा जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, बाटलीवर २.० लिहिलंय का ते बघूनच घ्या. बाटल्या १८ मिलिलिटरच्या, थेंब थेंब काढायच्या तोंडाच्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण झाकणाच्या डबीत रंग कडेला वाळत जातो आणि अर्धा वाया जातो.

माझी सांगायची खरी गोष्ट आहे ती आउलबेअरची, कारण ही पद्धत कुठे चमकते ते तिथे सगळ्यात छान कळतं. घुबडाचं डोकं, अस्वलाचं धड, मानेपासून खांद्यापर्यंत पिसं आणि खाली केस. आधी काळा प्राइमर. मग मोठा मऊ ब्रश घ्यायचा (मी मेकअपचा स्वस्तातला गोल ब्रश वापरते, पेंटिंगच्या दुकानातल्या महागड्या ड्रायब्रशपेक्षा काडीचाही कमी नाही), त्यावर करडा रंग घ्यायचा आणि पेपर टॉवेलवर पुसत राहायचं, इतकं की ब्रशवर रंग उरलाय की नाही अशी शंका यायला हवी. मग अंगावरून हलकेच फिरवायचा, केसांच्या आडवा. जिथे जिथे उंचवटा तिथे तिथे करडी भुकटी धरते आणि तोपर्यंत काळा ढेकूळ वाटणारा प्राणी एकदम दिसायला लागतो, प्रत्येक पीस वेगळं. मग तेच पांढऱ्या रंगाने पण फक्त वरून, जसा सूर्य डोक्यावर आहे असं धरून, म्हणजे डोकं, खांदे, पाठ उजळ आणि पोट, मांड्यांच्या आतली बाजू अंधारात. याला इथे सगळे स्लॅपचॉप म्हणतात.

आता स्पीडपेंट. केसांवर हार्डन्ड लेदर, पिसांवर ग्रेव्हलॉर्ड ग्रे, चोच आणि नखांवर पॅलिड बोन. ब्रश भरून घ्यायचा आणि एका भागावर एकदाच लावायचा, खालून वर घोळत बसायचं नाही. रंग समोर वाहताना दिसतो, केसांच्या मधल्या खाचांत गडद तपकिरी जमतो आणि टोकांवर खालचा पांढरा जवळजवळ तसाच राहतो, म्हणून टोकं मधाळ सोनेरी दिसतात. पंज्याच्या बोटांमधे किंवा काखेत डबकं साचलं तर कोरड्या ब्रशच्या टोकाने ते टिपून घ्यायचं, हे वाळायच्या आत, नंतर नाही. वीसेक मिनिटांनी चोचीच्या कडेला आणि चार-दोन पिसांच्या टोकांना साध्या हाडाच्या रंगाच्या अ‍ॅक्रिलिकने बारीक रेघ, डोळ्यांत पिवळा ठिपका त्यावर काळा ठिपका. एवढंच. आणि हे टेबलवर ठेवलं की लोक विचारतात कुठून रंगवून आणलं.

या आउलबेअरचा उगम पण मस्त आहे. सत्तरच्या दशकात गायगॅक्सने हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या प्राण्यांचं पाकीट घेतलं होतं, वर लिहिलेलं प्रागैतिहासिक प्राणी वगैरे, पण आतले आकार कशाशीच न जुळणारे. गेमच्या टेबलवर वापरायला म्हणून त्यांना नावं दिली, शक्ती दिल्या, आणि त्यातूनच आउलबेअर, रस्ट मॉन्स्टर, बुलेट हे तिघं निघाले. म्हणजे आधी खेळणं आलं आणि मग राक्षस झाला. मला हे माहीत झाल्यापासून कुठल्याही रंगाचा आउलबेअर चुकीचा वाटत नाही, बर्फातला पांढराशुभ्र करा, काळा करा, तुमचा डंजन मास्टर असेल तसा.

आता जिथे ही जोडी कमी पडते ते पण सांगायला हवं. वाहता रंग सपाट जागेवर डाग सोडतो. ड्रॅगनचे पंख बघा, खवल्यांवर जो रंग इतका देखणा बसतो तोच पंखाच्या पडद्यावर ढगाळ होतो, कडेला पाणी आटल्यासारखी रेघ उमटते. तसंच नाइटचा झगा, ढाल. तिथे नेहमीचा अ‍ॅक्रिलिक पातळ करून दोन-तीन हात हेच खरं. रीपरचे मास्टर सिरीज रंग आहेत, वायेहोचे आहेत, दोन्ही चांगले. आणि स्पीडपेंट फिका करायचा तर पाणी ओतू नका, त्याचं मीडियम वेगळं मिळतं ते घ्या, पाण्याने रंग फाटतो. सेटबद्दल विचाराल तर पन्नास बाटल्यांच्या मोठ्या सेटचा मोह होतोच पण दहा बाटल्यांच्या स्टार्टर सेटमध्ये वर्षभर मजेत जातं, वर दोन-तीन तपकिरी आणि एक हाडाचा रंग सुटा घ्या, मॉन्स्टरना तेच लागतात.

बिहोल्डर, म्हणजे डोळेच डोळे असलेला राक्षस, हवा असेल तर मात्र रीपरकडे त्या नावाने शोधू नका. बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट असे काही राक्षस गेमच्या मालकांनी स्वतःकडे राखून ठेवलेत, दुसऱ्या कंपन्यांना ते नाव वापरता येत नाही. त्यांचे अधिकृत मिनिएचर विझकिड्सचे, नोल्झर्स मार्व्हलस मिनिएचर्स या नावाखाली, आणि त्यांचा मोठा फायदा म्हणजे वायेहोचा प्राइमर आधीच मारलेला येतो, घरी आणलं की थेट रंग. पारदर्शक जिलॅटिनस क्यूब पण त्यांचाच, त्याला तर बाहेरून रंगच नको, आत हाडं, सांगाडा काय ठेवायचं ते ठेवा. बारकाव्याच्या बाबतीत मला रीपरचं बोन्स ब्लॅक जास्त आवडतं, नोल्झर्समध्ये प्राइमरच्या थराने बारीक रेघा जरा बुजतात, मोठ्या राक्षसात ते जाणवत नाही.

तर बिहोल्डर. मधोमध एक भला मोठा डोळा आणि वर देठांवर दहा छोटे, एकूण अकरा. अंगाला स्पीडपेंट अर्ध्या तासात होतो, डोळ्यांना मी अख्खी संध्याकाळ ठेवते. पेणच्या कारखान्यात जशी गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सरावलेल्या हाताकडे असते, तसंच इथे, मूर्ती जिवंत होते ती तिथेच. शुद्ध पांढरा वापरू नका, हस्तिदंती घ्या, कडेला खूप पातळ लाल-तपकिरी. मग बुबुळ, आधी गडद रंगाची चकती आणि तिच्या आत खालच्या अर्ध्यात तोच रंग फिका, कारण प्रकाश वरून येतो आणि बुबुळाची खालची बाजू उजळते. मग काळी उभी बाहुली. आणि मग वरच्या एका कोपऱ्यात पांढरा ठिपका, अकराही डोळ्यांत त्याच बाजूला. तो एक ठिपका पडायच्या आधी ते प्लास्टिक असतं, पडला की ते तुमच्याकडे बघायला लागतं. वर ग्लॉस व्हार्निशचा एक थेंब, म्हणजे ओलसर दिसतं.

आणि राक्षस. हो, आपला राक्षस पण या गेममध्ये आहे, १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून, वाघाचं डोकं, अंगात उंची कपडे, आणि तळहात उलटे. आपल्याकडे उलटे पाय हडळीचे ऐकले होते, उलटे तळहात इथेच बघितले. रूप बदलण्याची शक्ती मात्र रामायणातल्यासारखीच ठेवलीय. मला हा मॉन्स्टर रंगवायला सगळ्यात जास्त आवडतो, कारण आपण यात स्वतःचं काही घालू शकतो. मी त्याच्या झग्याला जांभळ्या रंगावर पैठणीचा नारळी काठ दिला, मोर-मुनिया एवढ्याशा जागेत शक्य नाहीत पण नारळीची त्रिकोणी रांग बसते. आधी गडद गेरूची पट्टी, त्यावर पिवळ्याने छोटे छोटे त्रिकोण, शेवटी टोकांवर फिक्या पिवळ्याचा स्पर्श. मेटॅलिक सोनेरी लावला नाही, त्यातले चमकणारे कण इतक्या बारीक नक्षीत दाणे दाणे दिसतात, साधा पिवळाच लांबून जास्त जरीचा वाटतो. वाघाच्या पट्ट्यांसाठी नारिंगी स्पीडपेंट पूर्ण वाळल्यावर काळा, आणि पट्टे सलग न ओढता दोन्ही टोकांना निमुळते करा.

सामानाचं म्हणाल तर चांगला ब्रश एकच घ्या पण चांगला घ्या. शून्य शून्य शून्य नंबरचा इवलासा ब्रश घेऊ नका, त्याच्यावर रंग मावत नाही आणि मिनिएचरपर्यंत पोचेस्तोवर टोकावरच वाळतो. एक किंवा दोन नंबर, टोक सुईसारखं, कोलिन्स्की सेबलच्या नैसर्गिक केसांचा परवडला तर उत्तमच. केस जिथे धातूच्या नळीत जातात तिथपर्यंत रंग चढू द्यायचा नाही, तिथे वाळला की टोक फाटलंच म्हणून समजा. वेट पॅलेट, म्हणजे रंग ओले ठेवणारी पॅलेट, विकत आणायची गरज नाही, चपट्या डब्यात ओला पेपर टॉवेल आणि वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर, वॅक्स पेपर नाही. त्यावर साधे अ‍ॅक्रिलिक दोन-तीन दिवस ओले राहतात, स्पीडपेंट मात्र त्यावर काढू नका, ते साध्या कोरड्या पॅलेटवरच. आणि टेबल लॅम्प पांढऱ्या उजेडाचा, पिवळ्या बल्बखाली रंगवलेला ट्रोल सकाळी उन्हात वेगळाच निघतो.

थ्रीडी प्रिंटवाले मॉन्स्टर स्वस्त मिळतात आणि त्यातले काही अप्रतिम असतात, पण मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेला रेझिनचा हायड्रा चिकट आला, म्हणजे यूव्ही प्रकाशात नीट पक्का केलेलाच नव्हता, आणि मेसेज करून उत्तर नाही. कच्चं रेझिन त्वचेला वाईट, त्यामुळे मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूत मला हा धोका नको. घासायची वेळ आली तर मास्क लावा आणि पाण्यात भिजवूनच घासा.

रंगवून झालं की मॅट व्हार्निश द्याच, मॉन्स्टर दर आठवड्याला दहा हात हाताळतात, शिंगं आणि नाकाचे शेंडे आधी उघडे पडतात. इथे उन्हाळ्यात ४० डिग्रीला स्प्रे हवेतच वाळतो आणि अंगावर वाळूसारखा खरखरीत बसतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उलटं, दमट हवेत व्हार्निशवर पांढरी धूसर साय येते. दोन्हीकडे ब्रशने लावायचं व्हार्निश सुरक्षित. भारतात मागवताना कस्टम आणि शिपिंग धरून किंमत बरीच चढते, त्यामुळे सुटे मागवण्यापेक्षा तीन-चार मित्रांनी मिळून मागवा, किंवा इकडून कुणी येणार असेल त्यांना सांगा. बोन्स वजनाला हलके, मोडत नाहीत, कपड्यांत गुंडाळून आरामात येतात, पाण्याच्या बेसचे रंग चेक-इन बॅगेत नीट पिशवीत बांधून चालतात, पण स्प्रेचे डबे विमानात अजिबात नेता येत नाहीत. बेसला, म्हणजे पायाखालच्या मातीला-दगडाला, घरातले कॅमलचे अ‍ॅक्रिलिक आणि चाळलेली वाळू फेव्हिकॉलवर टाकून मस्त होतं, त्यासाठी महागडे रंग खर्च करू नका, फक्त तेच ट्यूबमधले जाड रंग मिनिएचरच्या अंगाला लावू नका, बारीक खवले बुजून जातात. पहिली ऑर्डर करताय तर एक आउलबेअर, एक ट्रोल, दहाचा स्टार्टर सेट, ब्रशने लावायचा काळा प्राइमर आणि एक मॅट व्हार्निश एवढंच टाका, ड्रॅगन दुसऱ्या खेपेला.